डाग द्यायला सांगते

डॉक्टरांनी खुर्चीवरचा मोठा दिवा बंद केला आणि म्हणाल्या, "काकू, जरा खिडकीपाशी येता का? आणि लिपस्टिक तेवढी पुसून टाका." मी ओठ पुसले. त्यांच्या हाताखालच्या मुलीने एक पट्टी आणली. पट्टीत सोळा दात ओळीने खोचलेले, प्रत्येकाला धातूची दांडी आणि दांडीवर छटेची बारीक अक्षरं: ए वन, ए टू, बी थ्री, सी फोर. एकेक दात उपसून ती माझ्या खालच्या ओठाशी धरायची आणि दोघी मान तिरकी करून बघायच्या. लक्ष्मी रोडच्या मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस साडीच्या काठाला लावून दाराशी उजेडात नेतात, थेट तसं. "ए थ्री." "नाही गं, मुळाशी बघ, पिवळा जास्त आहे. ए थ्री पॉइंट फाइव्ह." तोंड फार वेळ उघडं राहिलं की दात सुकतात, आणि सुकले की आहेत त्यापेक्षा पांढरे दिसतात, म्हणून हे काम आधी आणि भराभर उरकायचं असतं, असं मला मध्येच सांगण्यात आलं. शेवटी ठरलं. डॉक्टर दात बनवणाऱ्या लॅबच्या कागदावर लिहायला लागल्या आणि लिहिता लिहिता सहज म्हणाल्या, "थोडा डाग पण द्यायला सांगते. खाचांमध्ये ब्राऊन. नाहीतर नवा दात लगेच ओळखू येतो."

मी मान हलवली. गेलेल्या दाढेच्या जागी मला शेजारच्या दातांच्या आधाराने नवा दात, म्हणजे ब्रिज, बसवायचा होता. त्यासाठी ते शेजारचे दात यंत्राने घासून बारीक करायचं खरं काम पुढच्या वेळी होतं, त्यामुळे त्या दिवशी काही दुखलं नाही, काही बधिर झालं नाही. पण घरी जाताना बसमध्ये ते वाक्य डोक्यातून जाईना.

डाग काढायचे पैसे आजवर पुष्कळ दिले. पाडून घ्यायचे पहिल्यांदाच देणार होते. आमच्या घरात दात या विषयाचा सगळा भर डाग घालवण्यावर. आजोबा राखुंडीचे, गोवरीची राख वस्त्रगाळ करून तिच्यात मीठ घालायचे. वडील, म्हणजे आमचे नाना, माकडछाप काळ्या मंजनाचे. काळ्या पावडरीने दात पांढरे कसे होतात हे कोडं मला बरीच वर्षं होतं. आणि आई मिश्री लावायची. कोरेगावच्या बाजूला तेव्हा मिश्री न लावणारी बाई शोधावी लागली असती. तंबाखू तव्यावर भाजायला घेतली की असा ठसका उठायचा की गोठ्यातली म्हैससुद्धा फुरफुरायची. भाजून काळी झालेली तंबाखू चुरायची, पत्र्याच्या डबीत भरायची आणि दुपारची भांडी झाली की मागच्या दारी उकिडवं बसून बोटाने लावत राहायची, डोळे अर्धे मिटून. तो तिचा एकटीचा वेळ. त्या वेळात तिला हाक मारलेली तिला चालायची नाही. तिच्या दातांच्या फटी काळ्या रेघांनी आखलेल्या होत्या आणि ती हसली की त्या रेघांसकट हसायची. तंबाखूच ती, तोंडाचा कॅन्सर होतो, हे पुढे आम्ही भावंडांनी तिला भांडून भांडून सांगितलं. तिने सोडलीही. रेघा मात्र राहिल्या. पंचावन्न वर्षं रोज पडत गेलेल्या त्या रेघा, आणि इथे कुणीतरी माझ्यासाठी दहा मिनिटांत ब्रशने काढणार.

माझी जी दाढ गेली ती शाळेत असताना गेली. खालची, डावीकडची, पहिली मोठी दाढ. ही साधारण सहाव्या वर्षी येते. कुठल्या दुधाच्या दाताला पाडून त्याच्या जागी येत नाही, सगळ्यांच्या मागे गुपचूप उगवते. त्यामुळे घरच्यांना तीही दुधाचीच वाटते. "पडायचीच आहे, किडली तर किडू दे." माझ्या वयाच्या मैत्रिणींना सहज विचारलं तर एकीमागून एक गाल ओढून हीच जागा दाखवतात. माझी आठवीत असताना ठणकायला लागली. लवंग झाली, लवंगेच्या तेलाचा बोळा झाला, आईने गुपचूप चिमूटभर मिश्रीही दाबून पाहिली. मग नानांनी सायकलच्या कॅरिअरवर बसवून तालुक्याला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे एकच इलाज चालायचा. लोखंडी खुर्ची, पितळी पिकदाणी, आणि माझं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवणारा कंपाउंडर. ओढताना दुखण्यापेक्षा आवाज जास्त लक्षात आहे. हाडाच्या आतून, कानाच्या मागून आलेला. "दाढ गेली, ठणका गेला," असं नाना परतताना म्हणाले आणि एसटी स्टँडवर त्यांनी मला गारेगार घेऊन दिलं. त्या जागी पुढे दुसरं काही बसवतात हे कुणाच्या गावीही नव्हतं. दाढ दिसते थोडीच?

चाळीसेक वर्षं ती जागा तशीच होती. जिभेची ती हक्काची खोली. परीक्षेत, मुलाखतीत, बाळंतपणात, बँकेत कॅश टॅली होत नसताना जीभ आपली तिथे जाऊन बसायची. पेरूची बी, शेंगदाण्याचं साल, डिंकाच्या लाडवातली खारकेची काडी, सगळं तिथे सापडायचं. पण एकदा उजवीकडच्या दाढेचं काहीतरी निघालं म्हणून पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला आणि डॉक्टरांनी तो पडद्यावर मोठा करून दाखवला. रिकामी जागा रिकामी नव्हतीच. मागची दाढ पुढे कलली होती. वरची दाढ, जिला खालून अडवणारं कुणी उरलं नव्हतं, ती वर्षानुवर्षं खाली सरकत आली होती. आणि खालचं हाड, ज्याच्यावर आता कुठलं मूळ नव्हतं, ते झिजून बसलं होतं. इतकी हालचाल माझ्या तोंडात चालली होती आणि मला पत्ता नव्हता. मी आपली उजवीकडून चावत होते.

डॉक्टर तरुण आहेत, पण समजावून सांगायची त्यांना हौस आहे. इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, का नाही, असं मीच विचारलं, कारण हल्ली रिक्षाच्या पाठीवरसुद्धा इम्प्लांटची जाहिरात असते. त्यांनी पडद्यावर हाडाची उंची मोजून दाखवली, त्याच्या खालून जाणारी नस दाखवली. स्क्रू बसवायला जागा थोडी, आधी हाड वाढवावं लागेल, त्यात माझी साखर. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हा शोधही मोठा गमतीचा आहे. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाचे संशोधक सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काम झाल्यावर काढायला गेले तर ते निघेना. हाडाने त्याला धरून ठेवलं होतं. त्यातून पुढे १९६५ साली पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसले. हे सगळं ऐकायला छान, पण माझं हाड सशाइतकं उत्साही नव्हतं. राहिला ब्रिज. पुढची उपदाढ आणि मागची दाढ, दोन्हींवर कॅप, आणि दोन्ही कॅपना जोडलेला मधला दात. त्यासाठी ते दोन्ही दात चहूबाजूंनी घासून बारीक करायचे.

"पण ते दोन्ही चांगले आहेत ना?" मी विचारलं.

"एकदम चांगले आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून तर ब्रिज करता येतोय."

त्यांच्या दृष्टीने ही चांगली बातमी होती. किडलेल्या, हलणाऱ्या दातावर कुणी भार टाकत नाही. धडधाकट आहेत म्हणून त्यांना घासायचं. मला हे पटलंही आणि गिळवलंही नाही. बँकेत असताना आमच्याकडे दोन जामीनदारांच्या सह्या लागायच्या. कर्जदार गायब झाला की जो बिचारा पगारदार, पत्ता पक्का असलेला, त्याच्याच घरी नोटीस जायची. तेव्हा मीही म्हणायचे, नियमच आहे तसा. आता नोटीस माझ्या तोंडात आली होती. आणि नियम खरोखर तसाच होता, दुसरा चांगला मार्ग नव्हता. कवळीसारखा काढता-घालता दात होता म्हणा, पण तारेच्या आकड्याचा तो दात पेल्यात ठेवून झोपणारी मावशी मी पाहिलेली आहे. एकदा मोलकरणीने तो पेला विसळून टाकला होता. ते नको.

घासायच्या दिवशी खालचा ओठ आणि अर्धी जीभ बधिर झाली. बधिर म्हणजे नाहीशी नव्हे. जड, सुजलेली, दुसऱ्याची. मग ते यंत्र. त्याचा आवाज सगळ्यांना माहीत आहे, त्याच्याबद्दल लिहीत नाही. वासाबद्दल मात्र कुणी आधी सांगत नाही. पाण्याचा फवारा चालू असतानाही मधूनच नख जळाल्यासारखा एक बारीक दर्प येतो, आणि मग कळतं की हे आपलं आहे. दाताचं वरचं आवरण, इनॅमल, ही शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू. हाडापेक्षा कठीण. जवळजवळ सगळं खनिज, आत जीव असा काही नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर यायच्या सुमारास संपून जातात, म्हणून एकदा गेलं की शरीर ते पुन्हा करू शकत नाही. कातडी भरते, हाड सांधतं, केस उगवतात, हे नाही. माझ्या दहाव्या-अकराव्या वर्षी ती उपदाढ वर आली असेल. त्यानंतरच्या सगळ्या भाकऱ्या, सगळा ऊस, कैऱ्या, चहा, आणि एकदा दाताने उघडलेली गोटीसोड्याची नव्हे, साध्या कोल्ड्रिंकची बाटली, हे सगळं तिने निभावलं होतं. वीस-पंचवीस मिनिटांत तिचा खुंट झाला.

मी आरसा मागितला. डॉक्टर म्हणाल्या, "नका बघू काकू, सगळ्यांना वाईट वाटतं." तरी पाहिलं. दोन आखूड, पिवळसर, वर निमुळत्या होत गेलेल्या खुंट्या, मध्ये गुलाबी हिरडी. मागची दाढ कलली होती म्हणून तिला एका बाजूने जास्त घासावं लागलं होतं; दोन्ही खुंट्यांच्या भिंती एकमेकींना समांतर आल्याशिवाय वरून ब्रिज एका दमात खाली उतरत नाही. खाली आलेल्या वरच्या दाढेचं टोकही थोडं कापलं. म्हणजे एका गेलेल्या दाढेपायी तिघांना हात लागला. मग माप. निळा, थंड मसाला भरलेला ट्रे तोंडात दाबून "नाकाने श्वास घ्या, नाकाने" म्हणत दोघी माझ्याकडे बघत उभ्या. लाळ हनुवटीवरून एप्रनवर. त्या दोन-चार मिनिटांत माणसाची सगळी प्रतिष्ठा उतरते. मी शाखाप्रमुख म्हणून निवृत्त झाले आहे, हे मला स्वतःला आठवून द्यावं लागलं.

तात्पुरता प्लॅस्टिकचा ब्रिज बसवताना डॉक्टरांनी काचेवर एक पांढरी भुकटी आणि एक तेल कालवलं आणि खोलीभर लवंगेचा वास झाला. मी दचकलेच. तो खरंच लवंगेचा होता. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल आणि झिंक ऑक्साइड मिळून हे सिमेंट होतं. दात शांत राहतो आणि हवं तेव्हा निघतंही. म्हणजे आईचा कापसाचा बोळा ह्या एसी खोलीत पोचलाच होता, फक्त काचेवरून. पुढचे बरेच दिवस चहाला, वरणाला, अगदी पाण्यालाही लवंगेची चव.

त्या दिवसांत नानांची फार आठवण आली. त्यांनाही ब्रिज होता. रिटायर झाल्यावर ग्रॅच्युइटीतून त्यांनी स्वतःवर केलेला एकमेव खर्च. आत धातू आणि वरून पांढरं सिरॅमिक, हिरडीशी निळसर काळी कड दिसायची. त्याचा त्यांना अभिमान होता. पाहुणे आले की नखाने टकटक वाजवून दाखवायचे, "स्टील आहे आत." ते गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी माहुलीच्या संगमावर अस्थी सावडायला मीही हट्टाने गेले होते. कृष्णेच्या काठावर पहाटेची थंडी होती आणि राख अजून आतून कोमट होती. दूध-पाणी शिंपडून वेचायला लागलो तर दादाच्या हाताला ते लागलं. छोटी काळवंडलेली कमान, तीन दात एकमेकांना धरून. सिरॅमिक तडकून बरंचसं उडालं होतं, पण धातू जसाच्या तसा. नानांचे स्वतःचे दात हात लावला की भुगा होत होते आणि हा शाबूत. कुणालाच कळेना याचं काय करायचं. काका म्हणाले, धातू आहे, नदीत नको. गुरुजी मडकं धरून थांबले होते, त्यांच्याही पोथीत हे नसावं. दादा म्हणाला, "तोंडातच होता ना त्यांच्या? मग त्यांचाच." आणि त्याने तो मडक्यात टाकला. निकेल-क्रोमियमचं असं आहे की चितेला ते दाद देत नाही आणि गंजतही नाही. संगमाच्या गाळात तो अजून तसाच असणार.

याच्या अगदी उलट गोष्ट वॉटर्लूची. १८१५ च्या त्या लढाईत पडलेल्या तरुण सैनिकांचे दात उपटून ते इंग्लंडमधल्या श्रीमंतांच्या कवळ्यांत बसवले गेले. पुढे बरीच वर्षं अशा दातांना 'वॉटर्लूचे दात' म्हणत. तिथे मेलेल्याचे खरे दात जिवंताच्या तोंडात गेले, आमच्याकडे जिवंतपणीचा खोटा दात मेल्यावर मागे उरला. दोन्हींतलं काय जास्त विचित्र, मला ठरवता येत नाही. चिनी मातीचे, बेताचे, खऱ्यासारखे दिसणारे दात यायला लागले तेव्हा कुठे हा व्यापार थांबला. डेट्रॉइटच्या चार्ल्स लँड या दंतवैद्याने १८८०च्या दशकात दातावर चढवायची चिनी मातीची पातळ टोपी करायची पद्धत बसवली. विमानातून एकट्याने अटलांटिक ओलांडणारा लिंडबर्ग हा त्याच्या मुलीचा मुलगा. आजोबांच्या प्रयोगशाळेत तो लहानपणी रमायचा म्हणतात, पण दात सोडून आकाशाकडे गेला, हे बरंच झालं.

दरम्यान त्या डागाचं काही मनातून जात नव्हतं. माझ्या एका मैत्रिणीचा मुलगा डेंटल लॅबमध्ये काम करतो. डेंटल मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स केलेला. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यात डॉक्टरांखेरीज ह्या लोकांचीही वेगळी नोंदवही सांगितली होती, पण आपल्या तोंडात ज्याच्या हातचं काम असतं त्याचा चेहरा आपण कधी बघत नाही. त्याला म्हटलं, मला बघू दे. "ये ना मावशी, पण धूळ आहे." पेठेतल्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर तीन खोल्या. सगळीकडे प्लास्टरची पिठी, रंगीत ट्रे, प्रत्येक ट्रेमध्ये कुणाचा तरी जबडा आणि डॉक्टरांची चिठ्ठी. माणसांचे चेहरे काढून घेतले की जबडे सगळे सारखेच कसे चिडलेले दिसतात!

पूर्वी धातूचा ब्रिज करायचा म्हणजे आधी मेणाचा दात घडवायचा, तो साच्यात पुरायचा, भट्टीत मेण वितळून जायचं आणि त्या पोकळीत वितळलेला धातू जायचा. बस्तरचे ढोकरा कारागीर मूर्ती घडवतात ती हीच रीत; दातांच्या कामात ती टॅगार्ट नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १९०७ साली रुळवली. अजूनही ते काम त्या लॅबमध्ये एका कोपऱ्यात चालतं. पण आता मागणी झिरकोनिया नावाच्या सिरॅमिकला. त्याची एक मोठी पांढरी चकती असते, खडूसारखी मऊ. यंत्र त्यातून दात कोरून काढतं, आणि कोरताना मुद्दाम मोठा कोरतं, पाचव्या हिश्श्याहून जरा जास्तच. मग तो सुमारे १५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत तासन्‌तास भाजला की आकसतो, नेमका हव्या त्या मापाचा होतो, आणि असा कठीण होतो की घासायला हिऱ्याचं टोक लागतं. "तुझ्या कानात अमेरिकन डायमंड आहेत ना," तो म्हणाला, "तेही झिरकोनियाच. स्फटिकाची जात वेगळी." मी नकळत कानाला हात लावला. एका कुटुंबातली दोन भावंडं, एक कानात, एक दाढेत.

मग त्याने मला डाग दाखवला. माझा ब्रिज नव्हता, दुसऱ्या कुणाचा. भट्टीतून निघालेला दात चिमट्याच्या टोकावर धरलेला. पांढरा, गुळगुळीत, ठार कोरा. काचेच्या पाटीवर रंगाचे ठिपके: तपकिरी, नारिंगी, राखाडी, एक हिरवटसर. दोन केसांचा वाटावा असा ब्रश. आधी त्याने मुळाशी पिवळट छटा दिली, मग टोकाकडे हलकी राखाडी, कारण टोकाला दात थोडा आरपार दिसतो. आणि मग चावायच्या पृष्ठभागावरच्या खाचांमध्ये एकेक तपकिरी रेघ. रेघ सरळ नाही काढायची, मध्येच पुसट करायची, एका ठिकाणी जरा जाड, "चहा जिथे थांबतो तिथे." श्वास रोखून काढत होता. वर चकाकी लावून परत भट्टीत. "सगळ्यात अवघड काय माहितीये? पुढचा एकटा दात. शेजारी जोडीदार असतो ना, फरक लगेच कळतो. दोन्ही नवे असतील तर काही टेन्शन नाही." एकदा एका तंबाखू खाणाऱ्या गृहस्थांसाठी त्याने बाकीच्या दातांना शोभेल असा दात मन लावून रंगवला, तर ते गृहस्थ डॉक्टरांशी भांडले, पैसे नव्याचे घेता आणि जुना दात देता!

हसले मी. पण त्या ब्रशकडे बघताना आईच्या रेघा समोर येत होत्या आणि मला एकाच वेळी ते आवडलं आणि आवडलं नाही. तो मुलगा किती जवळून बघतो माणसाचं झिजणं! घरातल्या कुणी माझ्या दाताकडे इतकं निरखून पाहिलेलं नाही. आणि तरी, न प्यायलेल्या चहाचा डाग तो डागच का? हल्ली लग्नसराईत नवऱ्यामुलापासून मामापर्यंत सगळ्यांचे दात एका पांढऱ्या रंगाचे, वरून खालपर्यंत सारखे दिसायला लागले आहेत. फोटोत ओठांच्या मध्ये कागदाची पट्टी चिकटवल्यागत. पट्टीवरच्या सगळ्यात उजळ दाताच्याही पलीकडच्या छटा मिळतात म्हणे. धडधाकट दात केवळ रंगासाठी घासून घेणाऱ्यांना मी समजू शकत नाही. माझ्या दोन खुंट्या पाहिल्यापासून तर नाहीच. त्यापेक्षा माझा डाग बरा, इतपत मी येऊन पोचले. तोही खोटाच, पण माझ्या बाजूचा.

ब्रिज आला तो प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत, स्पंजवर. बसवण्याआधी निळ्या कागदाचा खेळ. दातांत कागद धरायचा, "चावा, कटकट करा, आता डावी-उजवीकडे घासा", निळा ठिपका पडेल तिथे डॉक्टर कणभर घासणार, पुन्हा कागद. "अजून उंच लागतंय?" लागत होतं. केसाहून कितीतरी पातळ फरक दातांना कळतो, कारण मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक बारीक पडदा असतो आणि सगळी जाण तिथे असते. भातातला खडा जिभेआधी दाताला कळतो तो त्यामुळेच. आता मधल्या दाताला मूळच नाही, त्याला स्वतःला काही कळायचं कारण नाही. त्याच्यावर पडलेला भार शेजारच्या दोघांना कळतो आणि ते मला सांगतात. घासून अर्धे केलेले, टोप्या घातलेले ते दोघे अजून कामावर आहेत, हे मला तिथे खुर्चीत कळलं आणि डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांना वाटलं इंजेक्शन उतरलं.

पहिलं काय खायचं ते ठरवलेलं होतं. ज्वारीची भाकरी, तव्यावर मुद्दाम कडक होऊ दिलेला पापुद्रा, वर ठेचा. डावीकडून. आठवीनंतर पहिल्यांदाच डावा कान आतून वाजला. कुरकुरीत खाण्याची निम्मी मजा आवाजाची असते आणि मी इतकी वर्षं ती एकाच कानाने ऐकत होते. जीभ मात्र गोंधळली. तिची खोली बंद झाली होती. ती जायची, भिंतीवर आपटायची, परत यायची. अजूनही झोपेत चाचपत असावी. रात्री मधल्या दाताच्या खालून दोरा ओवावा लागतो. एका टोकाला कडक असलेला, मधे फुगीर असलेला खास दोरा मिळतो. सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो तिथे हे आरशात उलटं बघून करायचं. पहिल्या आठवड्यात हिरडी टोचून घेतली, आता हात बसलाय. अण्णांना, म्हणजे आमच्या यजमानांना, ही बेसिनपाशी इतका वेळ काय करते याचं कोडं पडलेलं असतं.

खर्चाचं विचारणारे पुष्कळ भेटतात, म्हणून सांगते, धातूच्या ब्रिजच्या कितीतरी पट झिरकोनियाचा आहे, आणि मेडिक्लेममधून यातलं काही मिळत नाही. अपघातात दात गेला तरच बहुतेक पॉलिसी बघतात. शेजारच्या वहिनींना तेवढं झेपणारं नव्हतं. त्यांना मी मुंबईत लेकीकडे जाणारच आहात तर नायर डेंटलला दाखवा म्हटलं. १९३३ पासूनचं जुनं दंत महाविद्यालय, महापालिकेचं; शिकणारी मुलं हळूहळू करतात, वेळ लागतो, पण मागे सर उभे असतात. वहिनींचा एकच प्रश्न होता, "चांगले दात घासतात म्हणे?" मी म्हटलं, घासतात. आधी विचारून घ्या, हाड किती आहे, इम्प्लांट बसतंय का. बसत असेल आणि परवडत असेल तर शेजारच्यांना हात लावू देऊ नका. नाहीच बसलं तर मग ब्रिज, आणि फार वर्षं थांबू नका, माझी दाढ कलली तशी कलेल. वहिनींनी मान डोलावली. जातील असं वाटत नाही.

बिलाबरोबर डॉक्टरांनी एक कार्डही दिलं. क्रेडिट कार्डाच्या मापाचं, गुळगुळीत, वर माझं नाव, दातांचे क्रमांक, शेड ए थ्री पॉइंट फाइव्ह, आणि दहा वर्षांची वॉरंटी. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत अटी. बँकेतल्या सवयीने मी आधी त्याच वाचल्या. झिरकोनिया तुटला, तडकला तर लॅब फुकट बदलून देईल. आतला दात किडला, हलला, हिरडी सुजली किंवा दात काढावा लागला तर लॅब जबाबदार नाही. मी पुन्हा वाचलं. मग मिक्सर, गीझर आणि वॉशिंग मशीनची कार्डं ज्या बिस्किटाच्या डब्यात आहेत त्यात हे टाकलं. मुलगा म्हणाला, "आई, फोटो काढून ठेव, कागद हरवतात." तर फोटोही काढला आहे, पुढून आणि मागून.